हिमबिबट्याचे शेजारी : प्रस्तावना

हिमबिबट्याला वाचवायचे तर कुठे वाचवायचे, हा या विषयातला पहिला प्रश्न आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, नेपाळ, भूतान, चीन, मंगोलिया, रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान अशा १२ देशांच्या डोंगराळ मुलखात हा प्राणी आढळतो. वजन साधारण ३५ ते ५० किलो, शेपूट जवळपास मीटरभर, अंगावर खडकात मिसळून जाणारे राखी ठिपके. भरल, आयबेक्स, अर्गली, मारखोर यांसारखे रानमेंढे आणि रानबोकड हे त्याचे भक्ष्य. उजाड, थंड मुलखात हे भक्ष्य विरळ असते, त्यामुळे हिमबिबट्याला टापूही मोठा लागतो. मंगोलियाच्या दक्षिण गोबीत जीपीएस पट्टे बसवून झालेल्या अभ्यासात पूर्ण वाढलेल्या नराचा वावर सुमारे २०० चौरस किलोमीटरमध्ये दिसला. त्याच अभ्यासकांनी हिमबिबट्याच्या मुलखातली १७० संरक्षित क्षेत्रे तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला. त्यांतली ४० टक्के क्षेत्रे एका नरालाही पुरणारी नव्हती.

या एका निष्कर्षात पुढची सगळी चर्चा सामावलेली आहे. अभयारण्याची हद्द आखून हा प्राणी वाचणार नाही. ज्या उतारांवर याक, मेंढ्या, शेळ्या आणि घोडे चरतात, त्याच उतारांवर तो राहतो. त्याचे शेजारी मेंढपाळ आहेत. त्याने जगावे की नाही हे राजधानीतल्या कायद्यापेक्षा या शेजाऱ्यांच्या मनावर अधिक अवलंबून आहे.

या शेजाराची किंमत काय, हे मोजण्याचे काम भारतात स्पितीमध्ये झाले. हिमाचल प्रदेशातल्या किब्बर अभयारण्याच्या परिसरात अभ्यासक चारुदत्त मिश्रा यांनी केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. वन्य प्राण्यांनी १८ महिन्यांत आपली १८९ जनावरे मारली, असे गावकऱ्यांनी सांगितले. हे प्रमाण त्यांच्या एकूण पशुधनाच्या १८ टक्के होते. सरकारी नुकसानभरपाई मिळाली ती मात्र वार्षिक तोट्याच्या ३ टक्क्यांच्या आसपास. उघड्या कुरणात एखादे जनावर गेले तर माणूस हळहळतो आणि गप्प बसतो. पण कच्च्या भिंतीच्या किंवा वरून उघड्या वाड्यात हिमबिबट्या शिरला की कोंडलेली मेंढरे बिथरून सैरावैरा होतात आणि एका रात्रीत डझनावारी मरून पडतात. सकाळी दार उघडणाऱ्या घरासाठी तो वर्षाच्या मिळकतीचा प्रश्न असतो. सूड घेण्याची इच्छा तिथे जन्मते. ‘ट्रॅफिक’ या वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २००८ पासून दरवर्षी २२१ ते ४५० हिमबिबटे मारले जात होते. त्यांतले निम्म्याहून अधिक पशुधनाच्या नुकसानीचा सूड म्हणून मारलेले होते. कातड्याच्या व्यापारासाठी होणाऱ्या शिकारीचा वाटा त्याहून बराच कमी होता.

हिमबिबट्या जगावा असे साऱ्या जगाला वाटते, पण त्याची किंमत मोजणारी घरे थोडी आणि गरीब असतात. लोकाधारित संवर्धन म्हणजे हा अन्याय दूर करण्याची खटपट. ते शास्त्र आहेच, पण त्याआधी तो न्यायाचा प्रश्न आहे. या पुस्तकातला प्रत्येक लेख वाचताना दोन प्रश्न मनाशी ठेवावेत: तोटा कोण सोसतो आणि निर्णय कोण घेतो?

या विचारापर्यंत पोहोचायला अभ्यासकांनाही वेळ लागला. हिमबिबट्या दिसत नसे, त्यामुळे त्याच्याबद्दल बराच काळ दंतकथाच अधिक होत्या. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९७०च्या सुमारास पाकिस्तानातल्या चित्रालच्या डोंगरांत घेतलेली छायाचित्रे जगापुढे आली, तेव्हा अनेकांनी रानातला हिमबिबट्या पहिल्यांदा पाहिला. १९७३ मध्ये शॅलर यांच्यासोबत नेपाळच्या डोल्पो भागात गेलेले लेखक पीटर मॅथिसन यांचे ‘द स्नो लेपर्ड’ हे पुस्तक १९७८ मध्ये आले. या प्राण्याला जगभर नाव मिळाले ते त्या पुस्तकाने, आणि त्या प्रवासात मॅथिसन यांना हिमबिबट्या दिसलाच नव्हता. १९८२ नंतर रॉडनी जॅक्सन यांनी पश्चिम नेपाळच्या लांगू खोऱ्यात पहिल्यांदा हिमबिबट्यांना रेडिओ पट्टे बसवले आणि त्यांच्या वावराचा पक्का अभ्यास सुरू झाला.

त्याच काळात सरकारे आपल्या परीने कामाला लागली होती. भारताने १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हिमबिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिले. लडाखमध्ये १९८१ साली हेमिस राष्ट्रीय उद्यान झाले, १९९२ मध्ये किब्बर अभयारण्य झाले. या पहिल्या धारेला आपण राखीव क्षेत्रांची धारा म्हणू. तिचे श्रेय मोठे आहे. शिकारीला गुन्हा ठरवण्याचे काम तिने केले. पण ज्यांच्या कुरणांवर ही उद्याने उभी राहिली, त्यांना विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. कागदावर उद्यान, जमिनीवर चराई आणि दोघांच्या मध्ये वाढत जाणारा अविश्वास, असे चित्र अनेक देशांत दिसू लागले.

१९९०च्या दशकात काही माणसांनी वेगळी वाट धरली आणि एकेका गावाशी बोलणी सुरू झाली. या वाटेच्या पुढे अनेक शाखा झाल्या. नवख्या वाचकासाठी त्यांची ओळख इथे करून देतो.

पहिली शाखा कराराची. किब्बर गावाने १९९८ च्या सुमारास नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेशी करार करून आपल्या कुरणाचा सुमारे ५ चौरस किलोमीटरचा तुकडा चराईतून मोकळा सोडला. तिथे गवत वाढले, भरल वाढले आणि हिमबिबट्याला रानातले भक्ष्य मिळू लागले. पाठोपाठ २००२ मध्ये जनावरांचा विमा आला. हप्ता गावकरी भरतात, सुरुवातीची गंगाजळी संस्था उभी करते, आणि दावा खरा की खोटा हे गावाचीच समिती ठरवते. तिथे खोटे बोलणे अवघड असते, कारण शेजाऱ्याचा याक खरोखर कुठे आणि कसा मेला हे गावाला ठाऊक असते. पाकिस्तानातल्या बाल्टिस्तानात शफ्कत हुसेन यांनी १९९९ मध्ये अशीच विमा योजना सुरू केली होती. सरकारी पंचनाम्याला जे साधले नाही, ते गावाच्या बैठकीला साधले.

दुसरी शाखा उपजीविकेची. मंगोलियात १९९८ पासून मेंढपाळ बायका लोकरीच्या नमद्याच्या वस्तू करून विकू लागल्या. या कामाच्या उभारणीत बायार्जर्गल अग्वांत्सेरेन यांचा मोठा वाटा होता. वस्तूंना रास्त भाव मिळतो आणि वर्षभरात हिमबिबट्याची किंवा त्याच्या भक्ष्याची शिकार झाली नाही तर वर २० टक्के बोनस. एकाने जरी करार मोडला तरी साऱ्या समूहाचा बोनस जातो. कायद्याच्या पहारेकऱ्याऐवजी तिथे शेजाऱ्यांची नजर काम करते. पाकिस्तानातल्या चित्रालमध्ये याच धर्तीवर पशुलसीकरणाची योजना आली. तिच्यामागचा हिशोब असा की वन्य प्राण्यांपेक्षा रोगराईने मरणारी जनावरे पुष्कळ जास्त असतात. ती वाचली की हिमबिबट्याने नेलेले एखादे जनावर घराला सोसते.

तिसरी शाखा वाडे पक्के करण्याची आणि पाहुण्यांची. लडाखमध्ये रिंचेन वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या वाड्यांवर जाळीचे छप्पर आणि घट्ट बसणारे दार बसवायला गावांना मदत केली. हा उपाय स्वस्त आहे आणि त्याचा परिणाम त्याच रात्रीपासून दिसतो. पुढे हेमिसमधल्या रुम्बकसारख्या गावांत घरगुती मुक्कामाची व्यवस्था सुरू झाली. पाहुणे घरोघरी पाळीपाळीने जातात, पैसा बहुतांशी घरातल्या बाईच्या हाती येतो आणि मिळकतीचा एक हिस्सा गावाच्या निसर्गनिधीत जमा होतो. ज्या प्राण्याला पाहून दगड उचलला जायचा, तो दिसावा म्हणून पाहुणे येऊ लागले, हा बदल एका पिढीत घडला. रिंचेन वांगचुक २०११ मध्ये गेले. त्यांनी घालून दिलेली पद्धत आज हिमालयात अनेक ठिकाणी चालू आहे.

चौथी शाखा श्रद्धेची. तिबेटच्या पठारावरच्या सान्च्यांगयुआन भागात बौद्ध मठ बहुधा हिमबिबट्याच्या अधिवासात किंवा त्याला लागूनच आहेत. मठाच्या पवित्र डोंगरावर शिकार करू नये हा दंडक भिक्षू स्वतः गस्त घालून पाळतात. चिनी अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की हिमबिबट्याचे रक्षण करण्यात या मठांचा वाटा सरकारी राखीव क्षेत्रांच्या तोडीचा, काही बाबतींत त्याहून मोठा असू शकतो. श्रद्धेचा असाच आधार लांडग्यांनाही मिळाला. लडाखच्या चुशुलमध्ये लांडग्यांना पकडण्यासाठी बांधलेले जुने दगडी खड्डे होते. आत पडलेल्या लांडग्याला दगडांनी ठेचून मारत. २०१८ मध्ये गावाने या खड्ड्यांच्या भिंतींत वाट काढून दिली, म्हणजे आत पडलेला प्राणी बाहेर निघू शकेल. शेजारी एक स्तूपही बांधला. खड्डा पाडला नाही, कारण तोही वाडवडिलांचा वारसा होता. गावाच्या भावनेला जागा ठेवून केलेले हे काम मला फार मोलाचे वाटते.

पाचवी शाखा सर्वाधिक वादाची, शिकारीच्या परवान्यांची. गिलगिट-बाल्टिस्तानात मारखोर आणि आयबेक्सच्या मोजक्या नरांच्या शिकारीचे परवाने परदेशी शिकाऱ्यांना विकले जातात. मारखोरच्या एका परवान्याला १ लाख डॉलरहून अधिक किंमत आली आहे आणि शुल्काचे ८० टक्के गावांना मिळतात. या पैशातून शाळा चालल्या, चोरट्या शिकारीला आळा बसला आणि हिमबिबट्याचे भक्ष्यही टिकले, असे समर्थक सांगतात. जीव विकून जीव वाचवणे अनेकांना मान्य नाही. मलाही ते सहज पचत नाही. तरी ज्यांनी हा मार्ग निवडला त्या गावांचे म्हणणे ऐकून न घेता त्यांना दोषी ठरवण्याचा अधिकार दूर बसलेल्या आपल्याला नाही.

सहावी शाखा हक्काची, आणि माझ्या मते सर्वांत पुढची. नेपाळने २००६ मध्ये कांचनजंगा संरक्षण क्षेत्राचा २,०३५ चौरस किलोमीटरचा कारभार स्थानिक लोकांच्या व्यवस्थापन परिषदेकडे सोपवला. हस्तांतराचा सोहळा आटोपून तिथल्या घुन्सा गावाहून परतताना हेलिकॉप्टर कोसळले आणि २४ जण गेले. मिंग्मा नोर्बू शेर्पा, चंद्रप्रसाद गुरुंग, हर्क गुरुंग असे नेपाळमधल्या लोकाधारित संवर्धनाचे आधारस्तंभ त्यांत होते. हा धक्का बसूनही परिषद चालू राहिली, यातच त्या माणसांच्या कामाची खोली दिसते. मंगोलियातल्या तोस्त डोंगरांत खाणींचे परवाने वाटले गेले, तेव्हा तिथल्या मेंढपाळांनी वर्षानुवर्षे लढा दिला. त्यांच्या अग्रभागी बायार्जर्गल अग्वांत्सेरेनच होत्या. २०१६ मध्ये ७,००० चौरस किलोमीटरहून मोठे राखीव क्षेत्र झाले, ३७ खाण परवाने रद्द झाले आणि २०१९ मध्ये बायार्जर्गल यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. नमदे विकून सुरू झालेले काम जमिनीवरच्या हक्कापर्यंत पोहोचले. मराठी वाचकाला इथे गडचिरोलीतले मेंढा-लेखा आठवेल. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या त्या गावाने हाच धडा वेगळ्या जंगलात गिरवला होता.

या शाखा एकमेकींच्या विरोधात नाहीत. एकाच खोऱ्यात पक्का वाडा, विमा, मुक्कामी पाहुणे आणि मोकळे कुरण ही सगळी एकत्र दिसतात. त्यांना जोडणारे सूत्र कोणते, यावर चारुदत्त मिश्रा आणि सहकाऱ्यांनी केलेली मांडणी आज प्रमाण मानली जाते. गावात टिकून राहणे, स्थानिक गरजेला साजेसा उपाय शोधणे, लोकांचा मान राखणे, व्यवहार उघडा ठेवणे, वाटाघाटीने करार करणे, दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे, अडचणीला वेळेवर धावून जाणे आणि धोरणात्मक पाठबळ देणे ही तिची तत्त्वे आहेत. यातले एकही तत्त्व प्राणिशास्त्राचे नाही. सगळी माणसांशी वागण्याची आहेत, आणि म्हणूनच ती पाळायला कठीण आहेत.

सरकारी धोरणातही याचे पडसाद उमटले. भारताने २००९ मध्ये ‘प्रोजेक्ट स्नो लेपर्ड’ सुरू केला, तेव्हा राखीव क्षेत्रांच्या बाहेरचा मुलूख आणि गावांचा सहभाग हे त्याचे पायाभूत मुद्दे होते. २३ ऑक्टोबर २०१३ रोजी बिश्केकमध्ये साऱ्या १२ देशांनी एकत्र येऊन जाहीरनामा केला आणि त्यातही स्थानिक समाजाला मध्यवर्ती स्थान दिले. जानेवारी २०२४ मध्ये भारताच्या पहिल्या देशव्यापी गणनेचे निष्कर्ष जाहीर झाले. देशात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज आला. लडाखमध्ये ४७७, उत्तराखंडात १२४, हिमाचलात ५१, अरुणाचलात ३६, सिक्कीममध्ये २१ आणि जम्मू-काश्मीरमध्ये ९. असे काम डोंगर जाणणाऱ्या स्थानिकांवाचून होत नाही. हिवाळ्यात कोणत्या कड्यावर कॅमेरा लावायचा हे त्यांनाच ठाऊक असते. किब्बरमध्ये आता महिलाही कॅमेरे लावतात आणि छायाचित्रांतल्या ठिपक्यांवरून प्राणी ओळखतात. एकेकाळी ज्यांना ‘प्रश्न’ मानले गेले, तेच आज अभ्यासक झाले आहेत.

तरीही या क्षेत्राचे गुणगान करून थांबणे बरोबर होणार नाही. सूडाच्या शिकारी कमी झाल्याचे पुरावे काही ठिकाणी आहेत, पण अमुक योजनेमुळे हिमबिबट्यांची संख्या वाढली असे ठामपणे दाखवणारे अभ्यास थोडेच आहेत. ‘गाव’ म्हणजे एकमताचा गट नसतो. समितीत बहुधा सधन घरे बसतात, आणि जनावरे राखणारे मजूर, बायका, भटके मेंढपाळ बाहेर राहतात. पाहुण्यांचा पैसा रस्त्यालगतच्या गावाला मिळतो आणि तोटा वरच्या वस्तीला होतो. देणगी संपली की विमा कोलमडल्याचीही उदाहरणे आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ मध्ये हिमबिबट्याचा दर्जा ‘धोक्यात’ वरून ‘असुरक्षित’ असा एक पायरी खाली आणला, तेव्हा अभ्यासकांत तीव्र मतभेद झाले, कारण ज्या आकड्यांवर हा निर्णय झाला ते मोठ्या मुलखासाठी अंदाजाचेच होते.

मग हे पुस्तक आजच का? कारण या डोंगरांत फार थोड्या काळात फार काही बदलते आहे. तापमान वाढल्याने वृक्षरेषा वर सरकते आहे आणि हिमालयातला हिमबिबट्याचा उघडा अधिवास आक्रसण्याची भीती आहे. काश्मिरी लोकरीच्या जागतिक बाजारपेठेमुळे मंगोलियात आणि लडाखच्या चांगथांगमध्ये शेळ्यांचे कळप वाढले आणि रानमेंढ्यांच्या वाट्याचे गवत घटले. रस्त्यांवरच्या, लष्करी तळांवरच्या आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या लडाख-स्पितीत पाळीव आणि वन्य दोन्ही जनावरांवर तुटून पडतात. स्पितीत मटारच्या नगदी पिकाने घरे सावरली, मुले शाळेसाठी खाली उतरली आणि गुरांमागे जाणारी माणसे कमी झाली. राखण सैल पडली की हल्ले वाढतात. जुनी सहनशीलता ज्या जगण्यातून आली होती ते जगणेच बदलते आहे. नव्या पिढीचा हिमबिबट्याशी करार नव्याने करावा लागणार आहे.

या संग्रहात अभ्यासक, वनाधिकारी, गावातले कार्यकर्ते आणि मेंढपाळ यांचे लेख आणि कथने एकत्र आणली आहेत. फसलेल्या योजनांना यशस्वी योजनांइतकीच जागा दिली आहे, कारण शिकायला त्यांतूनच जास्त मिळते. प्राण्याची सुंदर वर्णने इथे कमी आहेत. बैठका, हप्ते, जाळ्या, भांडणे आणि तडजोडी जास्त आहेत. विषयाचा गाभा तिथेच आहे. तांत्रिक शब्द शक्यतो टाळले आहेत आणि प्रत्येक प्रयोगाचा देश, भूगोल आणि राजकारण सांगितले आहे, कारण मंगोलियात चालले ते बाल्टिस्तानात चालेलच असे नाही.

मराठी वाचकाने हे सारे दूरच्या बर्फाळ मुलखाचे म्हणून बाजूला ठेवू नये. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने तिथे हल्ले कमी होण्याऐवजी वाढल्याचे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. माळरानावर मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगराला लांडग्याचा हिशोब रोज करावा लागतो. तोटा कोण सोसतो आणि निर्णय कोण घेतो, हे प्रश्न आपल्याकडेही तितकेच जिवंत आहेत. शिवाय दरवर्षी महाराष्ट्रातून हजारो माणसे लडाख-स्पितीला जातात. त्यांना माझी विनंती आहे. गावातल्या घरी उतरा, कचरा आणि उष्टे मागे टाकू नका, हिमबिबट्या दाखवण्यासाठी वाटाड्याला त्याच्या फार जवळ जायला भाग पाडू नका, आणि यजमानाची किती जनावरे गेली हेही विचारा. परत आल्यावर आपल्या तालुक्यात पशुधनाची भरपाई वेळेवर मिळते का, याची चौकशी करा. मिळत नसेल तर त्या शेतकऱ्याच्या आणि धनगराच्या बाजूने उभे राहा. शेजाऱ्यावर अन्याय करून कुठलाही वन्य प्राणी फार काळ वाचत नाही.